संकटसमय आणि घरातील खेळ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंब-मेळाव्यात प्रमुख धर्मगुरूंनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी गेल्या पन्नास वर्षांचा आढावा घ्यावा, ज्यांनी कष्ट उपसले त्यांचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करावे, असा शिरस्ता आहे. आणि ते कार्य माझ्या आधीच्या वक्त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले आहे. मला कुटुंबाविषयी बोलावयास सांगितले आहे. कुटुंबाचा विषय निघाला म्हणजे प्रार्थना, शिक्षण, काटकसर यांची चर्चा व्हावयाची, हे ठरलेलेच. त्यांचे महत्त्व मी जाणतो. परंतु आज मी एक अगदी साधा, घरगुती विषय आपल्यापुढे मांडणार आहे. अकस्मात संकट ओढवले असता आपल्या घरातील माणसांनी, विशेषतः लहान मुलांनी, काय करावे; आणि हे त्यांना भय न दाखविता, हसतखेळत कसे शिकवावे, हा तो विषय होय.

संकट हे पाहुण्यासारखे वर्दी देऊन येत नाही, हे आपण सर्वच जाणतो. परंतु ते ज्या क्षणी दाराशी येऊन ठाकेल, त्या क्षणी आपली सात वर्षांची मुलगी कोठे उभी राहील, आपल्या वृद्ध मातोश्रींचा हात कोण धरील, घरातील विजेचे मुख्य बटण कोणत्या भिंतीवर आहे हे कोणाकोणास ठाऊक आहे, याचा विचार आपल्यापैकी किती जणांनी केला आहे? हात वर करावयास मी सांगत नाही. ज्याने त्याने आपल्या मनाशी उत्तर द्यावे.

आपला हा वसईचा प्रदेश सुपीक आणि देखणा आहे; तितकाच तो संकटांच्या वाटेवरही आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस व उत्तरेस खाडी, पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर, आणि मध्ये ही सखल जमीन. मे १६१८ मध्ये वसई-मुंबईच्या किनाऱ्यावर वादळाने हाहाकार उडविल्याची नोंद जुन्या ग्रंथांत आहे. इतके मागे जावयाचेही कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. कामावर गेलेले आईबाप रस्त्यांवर व रुळांवर अडकले आणि कित्येक मुलांनी ती रात्र शाळेत काढली. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार जलमय झाले, आगगाड्या बंद पडल्या, मिठागराच्या वस्तीतील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. झाडे आडवी झाली, आणि अनेक घरांत पुढे कित्येक दिवस वीज आली नाही. आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरीच्या बाजूस, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली.

या धक्क्यांपैकी एका दिवसाची हकीकत आपणांस सांगणे मला अवश्य वाटते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी डहाणू तालुक्यात लागोपाठ धक्के बसले. घाबरून घराबाहेर धावताना दोन वर्षांची एक बालिका पडली, तिच्या डोक्यास मार लागला, आणि ती दगावली. तिचा प्राण कोसळणाऱ्या भिंतीने घेतला नाही. तो त्या क्षणीच्या घाबरगुंडीने घेतला. यात त्या कुटुंबास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. धरणी हलू लागली की पळत सुटावे, हीच माणसाची उपजत बुद्धी. आपणही तेच केले असते. म्हणूनच ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावयाची आहे.

भय हे माणसाच्या विचारशक्तीस ग्रासून टाकते. त्या समयी पुस्तकात वाचलेले आठवत नाही, भिंतीवर चिकटविलेला सूचनांचा कागद दिसत नाही. जे अंगवळणी पडलेले असते तेवढेच हातून घडते. आपला कोळी बांधव काळोख्या रात्री, लाटांच्या हेलकाव्यांत, दोराची गाठ न पाहता मारतो. कारण ती गाठ त्याच्या डोक्यात नसून बोटांत असते. आपली आजी अर्धवट झोपेतही जपमाळेचा मणी चुकवीत नाही. जे शेकडो वेळा केले ते भयाच्याही पलीकडे टिकून राहते.

आता लहान मुलाकडून एखादी कृती शेकडो वेळा करवून घ्यावयाची कशी? उपदेश त्याला दोनदा ऐकवत नाही. धाक दाखवाल तर ते त्या विषयापासूनच दूर पळेल. खेळ मात्र ते शंभर वेळा खेळेल, आणि शंभराव्या वेळीही 'पुन्हा एकदा' म्हणेल. म्हणून माझे म्हणणे इतकेच आहे की, संकटाची तयारी ही मुलांच्या खेळात आली पाहिजे. ती तेथे आली तरच त्यांच्या अंगात उतरेल.

हे माझे पदरचे बोलणे नव्हे. इंडोनेशियात, सुमात्राच्या पश्चिमेस, सिमेउलुए नावाचे एक बेट आहे. १९०७ साली तेथे भूकंपापाठोपाठ समुद्र चढून आला आणि पुष्कळ माणसे बुडाली. जे वाचले त्यांनी त्या लाटेस 'स्मोंग' असे नाव दिले आणि आपल्या अंगाईगीतांत व गोष्टींत ती कथा ओवून ठेवली. जमीन जोराने हलली आणि समुद्र मागे हटला, तर सर्व काही टाकून डोंगर गाठावा, हा त्यांचा बोध. आजीने नातवास सांगावे, नातवाने पुढे आपल्या नातवास सांगावे, असे जवळजवळ शंभर वर्षे चालले. २६ डिसेंबर २००४ रोजी ती लाट पुन्हा आली. पहिली लाट किनाऱ्यास पोहोचावयास जेमतेम दहा मिनिटे लागली असतील. भोंगा नव्हता, तारायंत्र नव्हते. परंतु 'स्मोंग' ही आरोळी उठताच सारे बेट डोंगराकडे निघाले. सुमारे ७८,००० वस्तीपैकी अवघी ७ माणसे मरण पावली. शेजारच्या सुमात्राच्या किनाऱ्यावर त्याच दिवशी लाखाहून अधिक माणसे प्राणास मुकली. दोहोंतील अंतर पाळण्याशी म्हटलेल्या गाण्याने पाडले होते.

त्याच दिवशी थायलंडातील फुकेत येथे टिली स्मिथ नावाची दहा वर्षांची इंग्रज मुलगी आईबापांसह समुद्रकिनारी फिरत होती. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती अशा लाटांविषयी शिकली होती. पाण्यावर विचित्र फेस पाहताच तिने हट्ट धरून वडिलांस पटविले, किनारा रिकामा करण्यात आला, आणि सुमारे शंभर माणसे वाचली. पुढे ११ मार्च २०११ रोजी जपानातील कामाइशी या गावी सुमारे ३,००० शाळकरी मुले अशाच प्रलयातून सुखरूप निघाली. कारण पळण्याचा सराव त्यांनी वारंवार केलेला होता. तेथे मोठ्या शाळेतील मुलांनी धाकट्या शाळेतील मुलांचे हात धरून त्यांना उंचावर नेले. मूल हे केवळ वाचविले जाणारे नसते. त्याला शिकविले तर ते वाचविणारेही होते.

येथे काही जण दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, लहानग्या जिवांना अशा गोष्टी सांगून उगाच भेदरवून का टाकावे? माझे उत्तर असे की, मुलास भय वाटते ते न कळणाऱ्या गोष्टीचे. ज्या मुलास वीज गेल्यावर कंदील वा बॅटरी कोठे आहे हे ठाऊक असते, त्याला काळोख भिववीत नाही. ते उलट मोठ्या दिमाखाने 'थांबा, मी आणतो' असे म्हणते. दुसरा आक्षेप श्रद्धाळू माणसांचा. देव राखणारा असताना ही खटपट कशाला? बंधूंनो, आपला शेतकरी देवावर भरवसा ठेवतो, तरी पावसाआधी कौले शाकारतो. कोळी प्रार्थना करून होडीत बसतो, तरी नांगर घरी विसरत नाही. दहा कुमारिकांचा दाखला आपण सर्वांनी ऐकला आहे. तेल आधीच भरून ठेवावयाचे असते, ऐन वेळी ते उसने मिळत नाही. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यास आपले पूर्वजही हसत असत.

पूर्वजांचा उल्लेख आला, तेव्हा आगोटीची आठवण करून देतो. पावसाळा तोंडावर आला म्हणजे आपल्या घरांतून आगोट भरली जात असे. तांदूळ, डाळी, मसाला, सुकी मासळी, सरपण, चिंच, मीठ, सारे जागच्या जागी. चार महिने घराबाहेर पडता आले नाही तरी चूल विझू नये, ही त्यामागील दृष्टी. त्या कामात लहान मुले लुडबुडत, चोरून सुकेळी खात, आणि खाता खाता शिकत. आज दुकान जवळ आले, आणि आगोट मागे पडली. तीच आगोट लहान रूपाने पुन्हा भरावी, हा माझा पहिला खेळ.

त्याला आपण 'आगोट-पिशवी' म्हणू. मे महिन्याच्या अखेरीस एका रविवारी घरातील एक भक्कम पिशवी मध्ये ठेवावी आणि मुलांस विचारावे की, तीन दिवस दुकान नाही, वीज नाही, नळास पाणी नाही, तर आपणांस काय काय लागेल? प्रत्येकाने धावत जाऊन एकेक वस्तू आणावी आणि ती का आणली ते सांगावे. कोणी बाहुली आणील. तीही राहू द्यावी, लहान मुलास अनोळखी जागी तिचाच आधार वाटतो. मग वडीलधाऱ्यांनी उणीव भरून काढावी: बॅटरी व तिचे सुटे सेल, शिट्टी, आगपेटी, मलमपट्टीचे सामान, आजी-आजोबांची आठवड्याची औषधे, चष्म्याची जुनी जोडी, थोड्या सुट्या नोटा, मोबाईल भरण्याची पेटी, आणि शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक यांच्या नकला प्लॅस्टिकच्या पाकिटात. खाण्यास चणे, शेंगदाणे, गूळ, चिक्की, पोहे आणि आपली सुकेळी. पाणी माणशी रोज तीन ते चार लिटर या हिशेबाने तीन दिवसांचे, ते वेगळ्या कॅनमध्ये. नाताळच्या आधी ही पिशवी पुन्हा उघडावी. जुना खाऊ त्या दिवशी मुलांनी फस्त करावा, औषधांच्या तारखा मोठ्याने वाचाव्या, आणि नवा माल भरावा. मुले त्या दिवसाची वाट पाहतील, याची मी आपणांस खात्री देतो.

दुसरा खेळ आपल्या सर्वांच्या परिचयाचा, तो म्हणजे आंधळी कोशिंबीर. त्यात थोडासा बदल करावयाचा. डोळ्यांवर रुमाल बांधून मुलाने आपल्या बिछान्यापासून घराच्या दारापर्यंत यावे. आधी उभ्याने, मग रांगत. आग लागली असता धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत राहते, म्हणून रांगावयाचे. वाटेत बंद दार आले तर हाताच्या मागच्या बाजूने त्यास स्पर्श करून पाहावा. दार तापलेले असेल तर ते उघडू नये, दुसरी वाट धरावी. आई पलीकडून 'गरम!' किंवा 'गार!' असे ओरडेल, त्याप्रमाणे मुलाने वाट ठरवावी. अंगावरील कपड्याने पेट घेतला तर पळू नये. थांबावे, जमिनीवर पडावे आणि लोळावे. हे तीन शब्द तालावर म्हणत चटईवर लोळण घेण्यात मुलांस किती आनंद वाटतो, ते आपण पाहालच. स्वयंपाकघरात तेलाच्या कढईने पेट घेतल्यास त्यावर पाणी कदापि ओतू नये. शेगडी बंद करून वर झाकण ठेवावे. हा धडा मोठ्यांचा. पण रिकाम्या कढईवर झाकण ठेवण्याची शर्यत मोठी मुले लावू शकतात. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण दाबावयाचे नाही, खिडक्या उघडावयाच्या, मोठ्या माणसाने रेग्युलेटर बंद करावयाचा, आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावयाचे.

तिसरा खेळ भूकंपाचा. मुले 'स्टॅच्यू' खेळतात, त्याच धर्तीवर हा खेळावा. घरातील कोणीही अकस्मात 'धरणी!' असे ओरडले की सर्वांनी जागच्या जागी खाली बसावे, जवळच्या भक्कम टेबलाखाली शिरावे, एका हाताने टेबलाचा पाय घट्ट धरावा, दुसऱ्याने मान व डोके झाकावे, आणि साठ अंक मोजेपर्यंत हलू नये. टेबल नसेल तर आतील भिंतीशी, खिडकी व कपाट यांपासून दूर, डोके झाकून बसावे. साठ अंक संपले की पायांत चपला घालून, धावपळ न करता, रांगेने बाहेर. इमारतीत राहणाऱ्यांनी जिन्याने उतरावे, लिफ्टने नव्हे. ज्यांचे घर कच्च्या मातीचे असून दार दोन पावलांवर आहे, त्यांनी लहानग्यांस उचलून मोकळ्या जागी जाणे बरे. डहाणूची ती बालिका आठवून मी सांगतो, दोन-तीन वर्षांच्या मुलास स्वतः पळू देऊ नये. कोणत्या मुलास कोणी उचलावयाचे, हे आधीच ठरलेले असावे. या खेळास जोडून मुलांनी हेर व्हावे. घरात काय काय डोक्यावर पडू शकेल ते शोधून त्यांनी कागदावर लिहावे: माळ्यावरची ट्रंक, डुगडुगणारे कपाट, पलंगावर टांगलेली जड तसबीर. हेरांनी दिलेली यादी आठ दिवसांत निकालात काढणे हे बापाचे काम. बाप चुकला तर दंड म्हणून त्याने सर्वांस आइस्क्रीम द्यावे.

चौथा खेळ पाण्याचा, आणि आपल्यासाठी तोच सर्वांत निकडीचा. 'पाणी चढले!' अशी आरोळी झाली की प्रत्येकाने आपापली ठरलेली एक वस्तू उंच फळीवर ठेवावी. कोणी दप्तरे, कोणी कागदपत्रांची पेटी, कोणी आगोट-पिशवी. विजेचे मुख्य बटण कोठे आहे ते मुलांनी बोटाने दाखवावे, त्यास हात मात्र लावू नये. पाणी घरात शिरण्यापूर्वी ते कोरड्या जागी उभे राहून बंद करणे हे मोठ्यांचे काम. आणि एक गोष्ट खेळात पक्की करून घ्यावी, ती ही की वाहत्या पाण्यात पाऊल टाकावयाचे नाही. सहा इंच खोल वेगवान पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत तुंबलेल्या रस्त्यावरून घरी चालत निघालेले एक नामवंत डॉक्टर उघड्या गटारात पडून मृत्यू पावले. रस्ता त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. पाण्याने तो झाकला होता. म्हणून अंगणात खडूने गोल काढावे, त्यांवर वर्तमानपत्रे पसरावी, आणि मुलांनी काठीने पुढची जमीन चाचपीत चालावे. ज्याचे पाऊल गोलात पडले तो बाद. खेळ संपल्यावर मुलांस सांगावे की, खऱ्या पाण्यात नाइलाज झाल्याविना काठी घेऊनही उतरावयाचे नाही.

पाचवा खेळ गाण्याचा. पूर्वी आपणांस दहा घरांचे दूरध्वनी क्रमांक पाठ असत. आज क्रमांक यंत्राच्या पोटात आहेत आणि आपण रिकामे आहोत. मोबाईल भिजला किंवा हरवला तर शाळेत अडकलेल्या मुलास आपल्या आईचा क्रमांक सांगता येईल काय? ज्या चालीवर मुले बडबडगीते म्हणतात, त्याच चालीवर आईच्या आणि बापाच्या मोबाईलचे दहा दहा आकडे बसवावे. आठ दिवसांत ते पाठ होतील आणि जन्मभर विसरणार नाहीत. सिमेउलुएच्या आजींनी जे केले तेच हे. त्यासोबत तीन क्रमांक आणखी: कोणत्याही संकटास ११२, रुग्णवाहिकेस १०८, अग्निशामक दलास १०१. मग खोट्या फोनचा खेळ मांडावा. एकाने घाबरलेले मूल व्हावे, दुसऱ्याने पलीकडचा अधिकारी. मुलाने चार गोष्टी क्रमाने सांगाव्या: मी कोण, मी कोठे आहे, काय झाले, किती माणसांस इजा झाली. 'आमच्या घरी या' एवढ्याने कोणी येत नसतो. गावाचे नाव, आळीचे नाव, जवळची खूण, म्हणजे शाळा, तलाव, क्रूस, हे बोलता आले पाहिजे. पलीकडून सांगेपर्यंत फोन ठेवावयाचा नाही. खेळाकरिता खरा क्रमांक मात्र लावू नये. त्या वेळी कोणाचा तरी जीव त्या तारेवर टांगलेला असेल.

सहावा खेळ बाहुलीच्या इस्पितळाचा. बाहुलीचा हात भाजला, तर तो वीस मिनिटे गार वाहत्या पाण्याखाली धरावयाचा. त्यावर शाई, हळद, तूप किंवा दात घासण्याची पेस्ट लावावयाची नाही. बाहुलीस साप चावला, तर तिला निजवून पाय हलू द्यावयाचा नाही, पायास फळी लावून सैलसर पट्टी बांधावयाची, घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावयाची, आणि ज्या सरकारी इस्पितळात सर्पदंशावरील लस मिळते तेथे थेट न्यावयाचे. चिरणे, चोखणे, दोरीने आवळणे, मांत्रिकाकडे नेणे, यांपैकी काहीही करावयाचे नाही. आपल्या वाड्यांतून पावसाळ्यात नाग, मण्यार, घोणस, फुरसे निघतात, हे मी सांगावयास नको. बाहुलीस जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोट घोट पाजावयाचे. चमचा चहाचा. हे पाणी मुलांनी स्वतः तयार करून चाखावे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर चुकले असे समजावे.

या सर्व खेळांचा शेवट एकाच ठिकाणी व्हावा: कुटुंबाच्या ठरलेल्या भेटीच्या जागी. आपल्या आळ्यांच्या तोंडाशी क्रूस उभे आहेत. वाताहत झाली तर सर्वांनी तेथे जमावयाचे आणि शिरगणती करावयाची, असे ठरवावे. इमारतींत राहणाऱ्यांनी फाटकाबाहेरची, विजेच्या खांबांपासून दूर असलेली मोकळी जागा निवडावी. शिवाय दुसऱ्या गावातील एखादा मामा किंवा आत्या ठरवून ठेवावी. कुटुंबातील माणसे ठिकठिकाणी अडकली असता प्रत्येकाने तिला आपली खुशाली कळवावी. तिच्याकडून ती सर्वांस पोहोचेल.

खेळ खेळविताना मोठ्यांनी काही पथ्ये पाळावी. खेळ पंधरा-वीस मिनिटांचा असावा, आणि महिन्यातून एकदाच असावा. अकस्मात मध्यरात्री आरडाओरडा करून मुलांस उठवू नये. तो खेळ नव्हे, छळ होय. जे चुकेल त्यास बोलू नये, पुन्हा खेळावे. मृत्यूची वर्णने करू नयेत. कधी कधी नायकपण मुलाकडे द्यावे आणि बापाने टेबलाखाली शिरावे. बापाचे डोके टेबलास आपटले की मुलांच्या हास्यास पारावार राहत नाही, आणि त्या हास्यासकट धडा मनात रुजतो. खेळ संपल्यावर काहीतरी गोड खावे. दिवस कोणता, असे विचाराल तर मी म्हणेन, महिन्याच्या पहिल्या शनिवारी, रात्रीच्या रोझरीनंतर. त्या वेळी सारे कुटुंब एकत्र बसलेले असते. जेथे ते बसत नसेल, तेथे या निमित्ताने बसू लागेल, असा लोभही माझ्या मनात आहे, तो मी लपवीत नाही.

आजी-आजोबांस या खेळांतून वगळू नये. त्यांना पळता येत नाही, हे खरे. परंतु कोणत्या वर्षी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते, ओढा कोठून फिरला, वादळाच्या आदल्या दिवशी समुद्राचा रंग कसा होता, हे त्यांनाच ठाऊक असते. ते त्यांनी गोष्टींतून सांगावे आणि मुलांनी घराच्या भिंतीवर खडूने त्या पाण्याची रेघ ओढावी. तसेच प्रत्येक वृद्धास एक जोडीदार नेमून द्यावा. आरोळी होताच नातवाने आजीचा हात आणि तिची काठी घ्यावी, एवढेच त्याचे काम. दहा वर्षांच्या मुलावर असा विश्वास टाकून पाहावा. ते एका महिन्यात किती जबाबदार होते ते दिसेल.

शेवटी एका गोष्टीकडे मी आपले लक्ष वेधितो. आपल्या गावांतून पुष्कळ तरुण परदेशी गेले आहेत, आणि मोठमोठ्या घरांत एकटी दुकटी म्हातारी माणसे उरली आहेत. त्यांच्याबरोबर आंधळी कोशिंबीर कोण खेळणार? ज्या घरी मुले आहेत त्या घराने शेजारच्या अशा एका घरास आपल्या खेळात सामील करून घ्यावे. त्यांची आगोट-पिशवी मुलांनी भरून द्यावी, त्यांची औषधे कोठे असतात ते पाहून ठेवावे, आणि 'पाणी चढले' म्हटले की त्यांच्या दारावर थाप मारणे हे कोणाचे काम, ते ठरवावे. २००५ आणि २०१८ साली आपल्याकडे सरकारी मदत पोहोचण्यापूर्वी शेजारीच शेजाऱ्याच्या मदतीस धावला. संकटात पहिला तास शेजाऱ्याचा असतो. तो तास भांबावून जाण्यात न गमावता कामी लावता आला पाहिजे.

बंधूंनो आणि भगिनींनो, व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर माणसे ते विसरतात, हा अनुभव जुना आहे. म्हणून मी आपणांजवळ फार मागत नाही. आज रात्री जेवताना दोनच गोष्टी ठरवाव्या. भेटीची जागा कोणती, हे मुलांकडून वदवून घ्यावे. आणि आईच्या मोबाईलचे दहा आकडे एखाद्या चालीवर बसवावे. पिशवी, कोशिंबीर, बाहुलीचे इस्पितळ, ही पुढील महिन्यांची कामे. देव करो आणि यांपैकी एकाही धड्याचा उपयोग करण्याचा प्रसंग आपल्या मुलांवर न येवो. तसे झाले तरी काही वाया गेले असे मी म्हणणार नाही. वर्षातील बारा संध्याकाळी आईबाप, मुले आणि आजी-आजोबा एकत्र खेळले, हसले, एकमेकांचे हात धरून काळोखात दारापर्यंत आले, हा लाभही लहान नव्हे.